अठराचा पाढा

पहिली तीन वर्षं मी प्रत्येक किंमत अठराने गुणायचे.
स्टॉकपोर्टच्या बाजारात, काचेच्या छपराखाली,
लोकरीचे हातमोजे उलटेपालटे करत
ओठांतल्या ओठांत: अठरा एके अठरा.
एवढ्यात सांगलीला काय काय येईल!
मोजे परत ठेवायचे.
दुकानदारीण विचारायची, वीण उसवलीय का कुठे?
उसवलं होतं, पण मोज्यांत नव्हे.

टोप्यांच्या कारखान्यात मी हिशेब लिहायचे.
पगाराचा आकडा ऐकून हे म्हणाले,
"टोप्या करणाऱ्यांनी तुलाच टोपी घातली की!"
खूप हसलो.
आणि त्यातलाही निम्मा बाजूला टाकला.

पाढा थांबला कधी, ते आठवत नाही.
एक दिवस लक्षात आलं, की पौंड आता पौंडच आहे
आणि कपाटाचं दार लागत नाहीये.
दोनांवर तिसरं फुकट, म्हणून तीन.
सेल संपत आला, म्हणून चार.
फॉन्ड्यूचं भांडं (फॉन्ड्यू आम्ही जन्मात खाल्लं नाही,
त्यात हिंगाच्या डब्या राहायच्या),
सहा काट्यांचा संच, बाराचा, चोवीसचा,
जेवायला आम्ही दोघं, तेही हातानं.
निनाद म्हणायचा, आई, कशाला?
असू दे रे. कामाला येईल.

हे गेले त्या वसंतात
शेजारच्या डोरीनला घेऊन मी माळा उपसला.
कामाला येतील म्हणून ठेवलेल्या वस्तूंपैकी
कामाला आली फक्त शिडी.
चॅरिटीच्या दुकानात अकरा खेपा.
तिथल्या माणसानं फॉन्ड्यूचं भांडं हुंगलं,
मग काही न बोलता खिडकीपाशी ठेवलं.

हल्ली मी गुणत नाही, भागते.
कोट दीडशेचा, टिकेल पंधरा हिवाळे.
माझे किती?
भाजकाची जागा कोरी सोडून
भागाकार होत नाही, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं,
पण कळतं.

परवा तवा बघत होते.
निळ्या नखांची मुलगी म्हणाली,
ह्याला आजीवन हमी आहे.
कुणाच्या जीवनाची, मी विचारलं.
ती थबकली. खोटं बोलायचं वय नव्हतं तिचं.
आत जाऊन मॅनेजरला घेऊन आली.
टक्कल, गळ्यात चष्मा, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान.
त्यानं तवा उलटा करून बारीक अक्षरं वाचली, पुन्हा वाचली.
"बहुधा कंपनीच्या, मॅडम."
तिघंही हसलो. रांगेतला माणूसही.

तवा घेतला नाही.
पावसाची भुरभुर होती, बसचा पास पर्समध्ये होता,
तो फुकट असतो,
तरी टॅक्सी केली.
मीटर बघायचा नाही असं ठरवलं
आणि पूल येईपर्यंत पाळलं.

घरी आल्यावर तळच्या खणातून
चादरींचं ते पाकीट काढलं,
पाहुण्यांसाठी ठेवलेलं. पाहुणे येऊन गेले,
त्यांना दुसऱ्या घातल्या.
पिवळी पडलेली चिठ्ठी: चार पौंड नव्व्याण्णव.
नखानं खरवडली, निघाली नाही, राहू दिली.

घड्या इतक्या वर्षांच्या, की जाता जाईनात.
गादीवर चौकोन चौकोन उमटले,
हिशेबाच्या वहीसारखे, अजून काही न मांडलेले.
दिवा मालवून मधोमध आडवी झाले,
त्यांच्या बाजूलाही पाय पसरून.

आणि कुठून कोण जाणे, आलाच तो.
अठरा एके अठरा, अठरा दुणे छत्तीस,
त्रिक चोपन्न, चोक बहात्तर,
अठरा पंचे नव्वद.

नव्वद रुपये.
आईचं महिन्याचं वाणसामान
त्या दिवशी मी खणात दडवलं होतं.
गार होती चादर, जराशी खरखरीत.
गालाखालची घडी बोटानं सपाट करत राहिले.