ओळ दोनशे सतरा

सोहारला, कॅम्पाच्या गेटाशेजारच्या पोर्टाकेबिनमध्ये
मी चारशे बारा माणसं सांभाळतो.
म्हणजे त्यांच्या तारखा.
पासपोर्ट, बताका, मेडिकल, गेटपास:
माणूस एक, संपायच्या तारखा चार.

पूर्वी फूटपट्टी धरून एकेक ओळ वाचायचो.
तरी सेल्वमची तारीख नजरेतून सुटली,
दिवसागणिक दंड चढला,
आणि मंदूब खलफान समोर खुर्ची ओढून बसला.
बोलला काही नाही, नुसता चहा प्याला.

त्या रात्री मी शीटला नियम शिकवला:
नव्वद दिवसांच्या आत आलं तर पिवळं,
तिसांच्या आत तर लाल,
बाकी हिरवं.
सकाळी फाइल उघडली तर चारशे बारांतून
सात जण हात वर करून उभे.

कॅम्पात बातमी पसरायला किती वेळ लागतो?
गुरुवारी स्लिपा न्यायला आलेले
खिडकीच्या जाळीला नाक लावून विचारू लागले,
रंग काय माझा?
लाल म्हटलं की बिष्णू थारूचा घास अडायचा,
बहिणीच्या लग्नासाठी दोन वर्षं अजून हवी होती त्याला.
रफीकुल लाल ऐकून जाळीतूनच माझी बोटं धरायचा.
लाल म्हणजे चितगाव, न पाहिलेली मुलगी.
नियमाला यातलं काही सांगता येत नाही.
तिथे एवढंच विचारतात:
यापेक्षा कमी? यापेक्षा जास्त? की यांच्या मधलं?

मुश्ताकचाचा हुर्जूक, ओळ दोनशे सतरा,
बाणकोटच्या खाडीकाठचे,
सव्वीस वर्षं परांचीवर.
हिरवे होते तेव्हा रोज विचारायचे,
“अजून कच्चाच काय रे मी?”
पिवळे झाले तेव्हा म्हणाले, “पाड लागला.”
लाल झाले त्या संध्याकाळी
सगळ्या ब्लॉकला करक चहा पाजला
आणि मला म्हणाले, “या वेळी रिन्यू नको. कॅन्सल करून टाक.”

गेले.
मी त्यांच्या चारही तारखा खोडल्या.
ओळ तशीच ठेवली. काढली असती तर खालचे सगळे
एकेक पायरी वर सरकले असते,
आणि बिष्णूला आपला दोनशे अठरा पाठ आहे.

एंटर दाबलं, आणि चारही रकाने पेटले.
आधी वाटलं, बोट चुकलं.
मग उमगलं: रिकामं म्हणजे यंत्राला शून्य,
आणि शून्य कुठल्याही तारखेहून कमीच.
त्याच्या हिशेबी चाचांची मुदत
एकोणीसशे सालाच्याही आधी संपलेली,
या समुद्रात गलबतं शिडावर चालायची तेव्हा.

उपाय सोपा आहे. सगळ्यांच्या वर एक नियम घालायचा:
रकाना रिकामा असेल तर रंग देऊ नको,
पुढचं काही वाचू नको,
इथेच थांब.
दोन मिनिटांचं काम. दोन महिने केलं नाही.
मॅनेजरनं विचारलं की म्हणतो, बघतो.

काल शुक्रवार. सुट्टी,
पण एसीसाठी मी ऑफिसातच.
चाचांचा फोन आला, मागे होडीचं इंजिन फटफटत होतं.
म्हणाले, जो भेटतो तो विचारतो, परत कधी?
म्हणाले, पहाटे चारला जाग येते
आणि बाहेर बस उभी नसते.
म्हणाले, ताट घेऊन पायरीवर उकिडवा बसून जेवतो,
बायको हसते, मग हसायची थांबते.
मग आवाज खाली करून,
“रंग काय रे माझा?”

बाहेर अठ्ठेचाळीस अंश.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
मी फाइल उघडली, ओळ दोनशे सतरा,
चार लाल चौकोन, आत काही नाही.
नियमांच्या यादीत सगळ्यांत वरची जागा
अजून मोकळी होती.

म्हटलं, “थांबा चाचा.
बघून सांगतो.”