चतुःसीमा

दस्त लिहिणारे निंभोरकर विचारतात, पूर्वेस काय?
मी म्हणते, रस्ता.
किती फुटी?
नकाशात तीस.
खरं म्हणजे बैलबंडी आणि शाळेची व्हॅन समोरासमोर आल्या
तर एकीला उईके सरांच्या फाटकात शिरावं लागतं.
ते लिहितात : पूर्वेस तीस फूट रस्ता.

देऊरवाडा रोड, प्लॉट नंबर सतरा,
पंधराशे चौरस फूट, नमुना आठ माझ्या एकटीच्या नावे,
दोन खोल्या, सैपाकघर, वरांडा, स्लॅबचं बांधकाम.
इथं आधी तूर होती.
पायवा खोदला तेव्हा जुनी धसकटं निघाली,
त्यांच्यावरच गवंड्यांचा पहिला चहा उकळला मी,
ड्यूटीच्या पांढऱ्या साडीत.
हे कुठल्या रकान्यात?

स्लॅब टाकताना मिक्सर बंद पडला,
रज्जाकभाई वेल्डिंगवाले रात्री दहाला आले,
म्हणून मधोमध एक सांधा आहे.
ऑगस्टात तिथून थेंब पडतो, देव्हाऱ्याच्या वीतभर अलीकडे.
गंज ठेवायचा. देव कोरडे राहतात.

पश्चिमेस?
भोयरांची पऱ्हाटी.
वेचणीच्या दिवसांत बायांचं हसणं मोरीपर्यंत येतं,
तांब्या हातात धरून मी थांबलेली आहे पुष्कळदा.
यंदा मात्र तिथंही चुन्याच्या रेघा दिसतात.
निंभोरकर थांबतात. मग, शेत की प्लॉट?
मी म्हणते, शेत लिहा.

दक्षिणेस खुली जागा, बगिच्यासाठी राखीव.
अठ्ठावीस वर्षं राखीवच आहे.

घेणारी पोरगी, पल्लवी गोंडाणे,
फाईल पोटाशी धरून हळूच विचारते, पाणी?
बोअर एकशे ऐंशी फूट.
मे महिन्यात पंधरा मिनिटं चालतो, मग धाप लागते त्याला,
तेवढ्यात भाजी निवडून घ्यायची.
आणि फाटक?
थोडं उचलून ढकलायचं.
अडलेल्या बाईचा नवरा मध्यरात्री आला की
ते न उचलताच ढकलायचा,
त्या आवाजानंच मी उठून बसायची.

आणि शेजार, काकू? शेजार कसा आहे?

उत्तरेस लांजेवार.
नऊ इंच भिंतीवरून अकरा वर्षं अबोला.
मोजणी दोनदा झाली, दोन्ही वेळा वेगवेगळी निघाली.
त्यांच्या नातवाचं बारसं मी खिडकीतून ऐकलं,
माझ्या रिटायरमेंटचा मंडप त्यांनी गच्चीवरून पाहिला.
पण उन्हाळ्यात कूलर भरून झाला
की त्यांचा पाइप एक मिनिटभर भिंतीच्या अलीकडे वळायचा,
माझ्या गोडनिंबाच्या बुडाशी.
दोघांनीही ते कधी पाहिलं नाही.

चांगला आहे, मी म्हणते.
आणि खोटं बोलल्यासारखं वाटत नाही, याचंच नवल.

रजिस्ट्री ऑफिसात दोन साक्षीदार लागतात.
उईके सर आले. दुसऱ्याचं आधार कार्ड चालेना.
बारा वाजले, साडेबारा,
पंखा नुसता गरम हवा ढवळत होता.
कोणी फोन केला, अजून माहीत नाही मला.
दारात लांजेवार, डोक्याला दुपट्टा,
सायकलची क्लिप अजून पायजम्याला.
कागद उघडून त्यांनी सगळं वाचलं,
उत्तरेस, तिथं बोट थोडा वेळ राहिलं,
आपलंच नाव वाचताना राहतं तसं.

मग माझ्याकडे न पाहता,
पेन हाये का जी, तुमच्यापाशी?

मी दिला.
टोपण माझ्या मुठीत राहिलं,
अमरावतीच्या गाडीत बसेपर्यंत.