डबा

बेकर्सफील्ड. गॅरेजचं दार अर्धं वर.
लेलंड मोटरसायकलच्या पोटाशी आडवा,
दातांत टॉर्च.
चार नळ्या, दोन बोल्ट,
आणि कोळशाचा तो काळा डबा
सुटून तळहातात आला,
दोन संत्र्यांइतका जड.

उघड्या नळीला त्यानं रबरी बूच ठोकलं.
डब्यावर खडूनं लिहिलं: विकताना परत लावणे.
मग फळीवर, नाताळच्या दिव्यांमागं.

टाकीचा उसासा रात्रभर हा गिळायचा,
ठाऊक होतं त्याला. कायदाही ठाऊक होता.

पहाटे तीनला वरच्या खोलीतून आई:
"आला का रे तुझा बाप पंपावरून?"

बाप जाऊन अकरा वर्षं.
लेलंड जिन्यावर बसला, अंधारात
स्वतःच्याच बोटांचा वास घेत.
"आलाय," म्हणाला. "हात धुतोय."