पसंतीक्रम

रात्रीचे साडेअकरा. उद्या पाचला फॉर्म बंद.
ओट्यावरची भांडी सारून लॅपटॉप ठेवलाय,
आमच्या खोलीत रेंज तेवढ्याच जागी येते.
वहीत तीन रकाने पाडलेत:
लागणार नाही. लागलं तर लागलं. लागायलाच हवं.
पहिल्यात अख्खी मुंबई मावली.

गेल्या वर्षीचा शेवटचा नंबर,
त्याच्या आदल्या वर्षीचा,
दोन्हींच्या मधे एकशे बारा मुलांची फट.
त्या फटीत मी रोज रात्री
अंग चोरून झोपून बघते.

पप्पा सेकंड शिफ्ट करून आलेत,
नायरच्या लिफ्टमधे सव्वीस वर्षं स्टुलावर बसलेला माणूस.
त्यांना कटऑफ कळत नाही. ओझं कळतं:
किती चढले की दार मिटत नाही,
कुणाला आधी न्यायचं,
कोण धडधाकट आहे, जिन्यानं जाईल.

यादीवरून त्यांचं बोट फिरतं, थांबतं भलतीकडेच.
"अंबाजोगाईला पाणी रोज येतं का गं?"
"गोंदियाची गाडी पहाटेची की रात्रीची?"
"आणि हे खाजगी?"
मी आकडा सांगते.
ते चष्मा काढून बनियनला पुसतात
आणि पुढचं नाव विचारतात.

क्लासमधले घोसाळकर सर म्हणायचे,
वर हौस लिहा, खाली अक्कल.
वर लिहायला पैसे पडत नाहीत.

म्हणून एक नंबरला मी नायर टाकते.

"ते नको."
"लागणारच नाहीये पप्पा. नुसतं लिहितेय."
"तरी पण."
मग बराच वेळ काही नाही. फ्रिजची मोटर सुरू होते, बंद होते.
"तिथं सगळे डॉक्टर मला मामा म्हणतात.
काल आलेली पोरंसुद्धा. मामा, चौथा. मामा, थांबा, थांबा.
तू चारचौघींबरोबर आत शिरलीस,
तर काय म्हणशील?"

दोन वर्षं मी उत्तरं पाठ केली.
या प्रश्नाखाली चार पर्यायही नाहीत.

नायर खाली ओढते. पुन्हा वर नेते.
दोनला सायन, तीनला कूपर, मग नावं मुंबई सोडतात,
अकराव्याला मिरज, चौदाव्याला अंबाजोगाई,
जिथं बहुतेक मी खरोखर जाणार आहे
आईची पत्र्याची पेटी घेऊन,
आणि तिथल्या लिफ्टवाल्याला, लिफ्ट असेल तर,
पहिल्याच दिवशी नाव विचारणार आहे.

पप्पा झोपायला वळतात. पडदा धरून म्हणतात,
"राहू दे वर.
लागलंच, तर मागच्या लिफ्टला ड्युटी मागून घेईन.
मालाची लिफ्ट. सिलेंडर, चादरी.
तिथं डॉक्टर चढत नाहीत."

मी सेव्ह दाबते. गोल फिरत राहतं,
रेंज जाते, येते.
लॉक करायचं उद्यावर ठेवते.
पाचपर्यंत क्रम बदलता येतो.