फळी एकतीस

आधी समुद्र हलला, मग घर.

भरावावर भराव पडत गेले,
मनामाचा किनारा टॉवरांच्या मागे दिसेनासा झाला
आणि पाण्याकडे तोंड करून बसलेली
गोऱ्या कारकुनाची ही सागवानी कॉटेज
वीसेक वर्षं पार्किंगकडे बघत राहिली.
मग कुणीतरी नकाशावर बोट ठेवलं,
इथून रस्ता जाणार.
दुसरं कुणी म्हणालं, तर मग घरही जाऊ दे.

माझं काम आकडे घालण्याचं.
प्रत्येक फळीला पितळी बिल्ला, बिल्ल्याची वहीत नोंद.
कुट्टप्पन खिळे उपसतो ते दाढ काढावी तसे,
आधी थोडं हलवून, गोड बोलून.
हाजी मन्सूर, राखणदार, भर उन्हात चहा उकळत ठेवतो
आणि सांगतो, साहेबाची मडम व्हरांड्यात
ओली चादर टांगून झोपायची,
ती चादर रात्रभर भिजवायची त्याच्या बापानं.
याला वहीत रकाना नाही.
मी समासात लिहिलं.

पश्चिमेच्या भिंतीतली एकतिसावी निघाली
तेव्हा तिच्या मागे, पार तळाशी,
आधीचाच एक आकडा होता. मान वाकडी करून वाचला:
२७. आपला. काजळीनं काढलेला,
साताची शेपटी जरा लांब.
म्हणजे हे घर पूर्वीही एकदा सुटं झालं होतं,
मुंबईच्या कुठल्याशा गोदीत उभारून, मोडून,
गठ्ठे बांधून गलबतात चढलं होतं.

आकड्याखाली एक ओळ, मोडीत.
हात न उचलता ओढलेली, उतारावरून घरंगळल्यासारखी.
बदरियानं विचारलं, तुझीच भाषा ना? काय लिहिलंय?
म्हटलं, भाषा माझी. लिपी पणजोबांची.
ती हसली नाही.
तिच्या आजोबांच्या मोत्यांच्या हिशेबवह्या
तिलाही लागत नाहीत.

फोटो परुळ्याला धाडला, सामंत गुरुजींना.
दोन दिवस काहीच नाही. आम्ही तर्क लढवत बसलो,
देवाचं नाव असेल, गावाचं असेल,
शिवी असेल, थकलेली मजुरी असेल.
तिसऱ्या दिवशी उत्तर आलं:
"ही बाजू वर."

नव्वद वर्षं फळी डोक्यावर उभी होती.

नियम म्हणतो, सापडलं तसं ठेवा,
चूक हाही इतिहासच. बदरिया त्याच मताची.
कुट्टप्पन नाही. सुताराचं सुतारानं ऐकायचं नाही
तर कुणी ऐकायचं?
बैठक झाली, इतिवृत्त झालं. ठराव: जैसे थे.

आता घर नव्या जागी उभं आहे.
समोर समुद्र नाही, निळ्या टाइल्सचा उथळ हौद आहे.
पाटीवर साहेबाचं नाव, आमच्या कंपनीचं,
देणगी देणाऱ्या बँकेचं.

काल संध्याकाळी सगळे गेल्यावर
पश्चिमेकडून हातोडीचे ठोके आले,
थांबून थांबून, चार.
हाजी मन्सूरनं रेडिओ मोठा केला.
मी वहीतली एकतीसची नोंद पुन्हा वाचली, "जैसे थे",
आणि पेनाला टोपण लावलं.