उणे सतराशे त्रेचाळीस

रात्री यंत्रानं स्वतःला नवं करून घेतलं.
पहाटे पाचला ओदील वुइयेर्मोज
तळघरातून वर आली, हाताला मीठ,
आणि लेबलं छापायचं बटण दाबलं.

प्रिंटर गप्प.
पडद्यावर चौकट: उणे सतराशे त्रेचाळीस.
खाली देवदारी फळ्यांवर चीजची साडेचारशे चाकं,
सगळी निनावी,
आणि दोलचा ट्रक साडेआठला.

मी पोलिन्यीत घड्याळं दुरुस्त करतो,
घड्याळं कमी झाली तसे कॉम्प्युटरही.
ही स्क्रिप्ट तिच्या दिराची, तिएरीची, दोन हजार नऊची.
तो आता रेयुनियन बेटावर. फोन उचलत नाही.

त्याची भाषा साधी, सगळी आज्ञार्थी:
यादीला सांग, शेवटची ओळ दे.
छपाईला सांग, कागद घे.
सांग, सांग, सांग.
इतकी वर्षं कुणी उलट विचारलं नाही
की सांगणारा तू कोण.

आता विचारतात.
‘लेबल’ला ‘यादी’शी बोलायचं आहे. परवानगी द्यायची?
‘अहो, रोजच बोलतात ती,’ ओदील म्हणते, मला नाही, पडद्याला.
मी हो दाबतो. पुन्हा विचारतं. पुन्हा हो.

मग कळतं, यादीनं शब्दच बदललेत.
‘ओळ’ म्हटलं तर ताकास तूर लागू देत नाही;
‘नोंद’ म्हणा, मग वळून बघते.

बाविसाव्या ओळीवर तिएरीचा हात:
हे का चालतं ठाऊक नाही. कुणी हात लावू नये.

मी लावतो.

खालून हातोडीचा आवाज येत राहतो.
एकेका चाकावर टक्, मग कान,
मग पुढचं चाक.
तिला आत भेग आहे का ते
न उघडता कळतं.
मला उघडूनही कळत नाही.

सव्वासातला पहिलं लेबल सरकत बाहेर आलं:
मुरत ठेवल्याची तारीख,
एक जानेवारी एकोणीसशे चार.

ओदीलनं चष्मा वर केला, पुन्हा वाचलं.
‘याला भाव काय लावू?’

तारीख कुठून मोजायची
ते आठपर्यंत यंत्राला समजावलं.
तिएरीच्या ओळीखाली माझी एक घातली:
आता थोडं ठाऊक आहे. तरी कुणी हात लावू नये.

ट्रक गेला.
ते पहिलं लेबल तिनं
कापलेल्या चाकाच्या तुकड्यावर चिकटवलं
आणि मजुरी म्हणून माझ्या हातात दिला.

संध्याकाळी खाल्ला.
एकोणीसशे चारच्या मानानं
बराच कोवळा होता.