गोलसमोरचं टक्कल

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी
इलाही शिकलगार मैदानापुढं न्हाव्यासारखा बसतो.
पावसाळाभर माजलेली हरळी
पिवळी बुडखं दिसेपर्यंत उतरवतो.
"गोंजारू नको, खरवड," म्हणतो,
आणि दंताळं माझ्या हातात देतो.

मी पेठेच्या संघाचा गोली होतो, अकरा हंगाम.
शेवटच्यात उजवा गुडघा इथंच राहिला.
आता दर ऑक्टोबरला माती उकरायला येतो,
मजुरी दोन चहा, एक शिवी.

खिळ्यांचा रूळ फिरतो, भोकं पडत जातात.
"ही तोंडं हाईत. उघडलीस तर घास दे."
मग चाळलेली वाळू, चाळलेलं शेणखत,
वर पोत्याची झाडणी, उलटसुलट.
पंचगंगेकडून धुकं येतं,
त्यात कुठल्यातरी गुऱ्हाळाची पहिली काहील
उकळत असल्याचा वास.

बी उटीहून आलंय. गोणीवर डोंगराचं चित्र.
दिसायला जिरं, वास मात्र काहीच नाही.
हे थंडीचं गवत. एप्रिलच्या उन्हात मरणार,
आणि खाली दबून बसलेली हरळी परत वर येणार.
"ठाऊक असून पेरायचं?" मी विचारतो.
"मॅचा काय मे महिन्यात ठेवतोस व्हय?"

राहिलं गोलसमोरचं टक्कल.
तिथं दंताळं चालत नाही, कुदळ लागते.
वीतभर खाली एक स्टड सापडला, गंजून मुगासारखा झालेला.
माझा असेल. माझ्यानंतरच्या चौघांपैकी कुणाचाही असेल.
इलाहीचा नातू सुफियान पारवे हाकत उभा होता,
हातात काठी, काठीला वेफर्सचे चकचकीत कागद.
"काका, तुमी किती गोल खाल्ले?"
अडवले किती, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

पाणी सकाळी. पाणी संध्याकाळी.
थेंब मोठा पडला की इलाही पाइपवर ओरडतो,
"बी वाहवत न्यायचं हाय काय तुला?"
सहा दिवस काही नाही. नुसती ओली माती,
आणि सातव्या दिवशी पाडवा.

बसाप्पा गवळ्याची चंद्री,
शिंगं मोरपंखी रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ,
मिरवणुकीत हलगीला बिचकली ती
तुटक्या कुंपणातून सरळ पेनल्टीच्या ठिपक्यावर.
मागं बसाप्पा, मागं बसाप्पाची पोरं, मागं हलगीवाला, वाजवतच.
एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत
खुरांची तिरकी रांग, चार चार बोटं खोल.

इलाही काही बोलला नाही.
बोलायला लागला तेव्हा शिव्या भाऊबीजेपर्यंत पुरल्या.
बसाप्पा दुसऱ्या दिवशी चरवीभर धारोष्ण दूध घेऊन आला,
कुंपणाबाहेरच उभा राहिला, चपला काढून.
दूध इलाहीनं घेतलं. बसाप्पाकडं बघितलं नाही.

दहाव्या दिवशी मी वाळू घेऊन खड्डे बुजवायला गेलो
तर इलाही उकिडवा बसलेला, चष्मा कपाळावर.
खुरांत पाणी साचलं होतं.
सगळ्या मैदानाआधी तिथंच उगवलं होतं,
खुराच्या मापानं, केसाएवढं बारीक,
इतकं पोपटी की खोटं वाटावं.
मी घमेलं खाली ठेवलं.
"बसाप्पाला सांगू नको," इलाही म्हणाला.
"फुडल्या वर्षी सगळा गोठाच घिऊन यील."

डिसेंबरात पहिली मॅच.
पेठ गच्चीगच्चीवर, झाडावर, पाण्याच्या टाकीवर.
गवत घोट्याखाली गार, कापल्याच्या पट्ट्या अजून दिसतायत,
टक्कलसुद्धा झाकलेलं, विरळ,
नवऱ्या मुलानं केस वळवून घ्यावेत तसं.
मी जाळीमागं उभा.

आमचा नवा गोली, एकोणीस वर्षांचा, चिंगम चघळत आला,
दोन्ही खांबांकडं बघून मध्य धरला
आणि टाचेनं रेघ ओढली, एकदा, दोनदा,
मुळासकट.
सव्वादोन महिन्यांची मेहनत त्याच्या बुटाला चिकटलेली.

इलाही साइडलाइनवरून माझ्याकडं बघत होता.
ओरडायचं काम माझं होतं, तोंड उघडलंही होतं,
तेवढ्यात कॉर्नर आला.

"डावीकडं!" मी ओरडलो. "डावीकडं सरक, लेका!"